बंद पडलेला ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवताना अडतो, घसरतो, आडवा जातो: कारणं आणि उपाय

दर हंगामात हाच प्रसंग येतो. वावरात ट्रॅक्टर बंद पडलेला असतो आणि जळगावला किंवा धुळ्याला मिस्तरीकडे न्यायचा असतो. ट्रेलर येतो, फळ्या लागतात, पुढून दुसरा ट्रॅक्टर दोर ताणतो. पुढची चाकं वर जातात, मागची फळीच्या पायथ्याशी अडतात. मग सालदार आणि आजूबाजूचे चार जण मागून खांदा लावतात. त्याच वेळी दोर तुटला, फळी सटकली किंवा ओढणाऱ्याचा पाय क्लचवर पडला, तर दोन टन लोखंड त्या चौघांवर येतं.

चालू ट्रॅक्टर चढावर गिअरमध्ये उभा राहतो, कारण इंजिन त्याला धरून ठेवतं. बंद ट्रॅक्टर न्यूट्रल करूनच ओढावा लागतो, म्हणजे चढावर त्याला धरणारं काही उरत नाही. म्हणून कशाने ओढायचं हे नंतर ठरवा. ओढ सुटली तर तो कशाने थांबेल, हे आधी ठरवा.

वजन आणि चढ यांचा हिशेब

३५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण १८०० ते २२०० किलोचा असतो. त्यातलं ६० ते ६५ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. नांगरटीत पकड यावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलेलं असेल, तर १३.६-२८ मापाच्या एका टायरात दीडशे लिटर किंवा जास्त पाणी असतं. दोन्ही मिळून ३०० किलोच्या वर भर पडते आणि ती हिशेबात धरायलाच हवी. रोटाव्हेटर, पलटी नांगर, जे काही मागे जोडलेलं असेल ते काढून ठेवा. ते मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं, त्यामुळे चढावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. इंजिन बंद असलं तरी लिफ्टचा लिव्हर खाली केला की अवजार स्वतःच्या वजनाने खाली बसतं आणि पिना काढता येतात.

आता चढ. ट्रेलरचा पाटा, म्हणजे ट्रॅक्टर उभा राहतो तो तळ, जमिनीपासून १ मीटर उंच आणि ट्रॅक्टर २००० किलोचा धरू. फळी ४ मीटरची असेल तर नुसत्या चढासाठी ५०० किलोची ओढ लागते. ३ मीटरच्या फळीवर ती ६७० किलो होते आणि २ मीटरच्या फळीवर थेट १००० किलो. शिवाय चाक फिरवायला कडक जमिनीवर आणखी ४० ते १०० किलो लागतात, भुसभुशीत काळ्या मातीत २०० ते ३०० किंवा त्याहून जास्त. ओढणारा कमी पडतोय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा फळी आखूड असते. दुसरा ट्रॅक्टर मागवण्याआधी चढ कमी करता येतो का ते पाहा.

तो कमी करायची सर्वांत चांगली सोय गावातच असते. केळीचे घड भरायला काही बागांजवळ धक्का असतो, जिनिंगच्या आवारात असतो, पाटाचा भराव किंवा रस्त्याची कड असते. ट्रेलर खालच्या अंगाला लावून पाटा भरावाच्या बरोबरीला आणला, की १ मीटरचा चढ वीतभर उरतो. तेही नसेल तर ट्रेलरच्या मागच्या चाकांसाठी ३० सेंमी खोल चर खणा. पाटा तेवढा खाली येतो आणि ट्रेलर जागचा हलतही नाही. चर दोन्ही बाजूंना सारखा खोल हवा आणि बाहेर निघायची बाजू उतरती हवी, नाहीतर भरलेला ट्रेलर त्यातच रुतून बसेल.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात हे काम करू नका. वाफसा येऊ द्या किंवा ट्रॅक्टर आधी मुरमाच्या वाटेवर काढा. ओल्या मातीत फळीचा पाय एका बाजूने खचतो, ट्रेलर कलतो आणि ट्रॅक्टर कलत्या बाजूला ओढला जातो.

ट्रॅक्टर जागेवरून हलतच नाही

दोर ताणला आणि मागची चाकं न फिरता घासत आली, तर तिथेच थांबा. जोर वाढवून हे सुटत नाही. उलट चढावर अर्ध्यात अचानक सुटलं तर ट्रॅक्टर उसळी मारतो.

गिअरचे दोन लिव्हर असतात, मुख्य आणि हाय-लो. दोन्हींपैकी एक जरी न्यूट्रलमध्ये गेला तरी चाकं मोकळी होतात, म्हणून मुख्य लिव्हर अडला असेल तर हाय-लोचा लिव्हर सोडवून बघा. दोन्ही अडले असतील तर दातांवर ताण आहे असं समजा. पुढची चाकं ठोकळ्यांनी पक्की करा, मागचं एक चाक जॅकने जेमतेम उचला, ॲक्सलखाली लाकडी ठोकळ्यांची चळत द्या आणि चाक हाताने पुढे-मागे हलवत दुसऱ्या माणसाला लिव्हर ओढायला सांगा. ताण निघाला की लिव्हर सहज येतो. पीटीओचा, म्हणजे मागून अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा, लिव्हरही बंद करा.

इंजिन जाम असेल आणि लिव्हर सुटतच नसेल, तर क्लचचं पेडल पूर्ण दाबून, पेडल आणि सीटच्या लोखंडामध्ये लाकूड अडकवून ठेवता येतं. पण पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट बरेचदा फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबूनही चाकं फिरत नाहीत, तेव्हा कारण बहुतेक तेच. अशा वेळी हाय-लोवरच मेहनत घ्या.

न्यूट्रल असूनही एकच चाक अडत असेल तर ब्रेक पाहा. आधी पार्किंगचा खटका खरंच निघालाय का ते तपासा. ब्रेक गंजून चिकटला असेल तर त्या बाजूच्या ब्रेक रॉडचे नट मोजून सैल करा. किती आटे सोडले ते खडूने फेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे उतरवल्यावर पूर्ववत करता येतील. हे केल्यावर त्या चाकाचा ब्रेक भरवशाचा राहत नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

पुढचं चाक जाम असेल, पुढचा ॲक्सल तुटला असेल किंवा ट्रॅक्टर मधून उघडलेला असेल, तर ओढून चढवायचा विचार सोडा. हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवा. जेसीबीच्या बकेटच्या दाताला साखळी अडकवून ट्रॅक्टर उचलतात, ते करू नका. दात हा हूक नव्हे, बकेट हलली की साखळी निसटते.

टायरमध्ये हवा भरूनच काम सुरू करा. बसलेल्या टायरला ओढ जास्त लागते आणि फळीवर तो कडेला घसरतो.

ट्रेलरचं शेपूट दबतं आणि तोंड वर उठतं

सर्वांत घातक प्रकार हा, आणि दोन चाकी ट्रॉलीवर तो हमखास होतो. ट्रॅक्टरचं वजन पाट्याच्या मागच्या कडेवर आलं की ट्रॉली तराजूसारखी मागे झुकते. तिचा पुढचा दांडा वर जातो आणि पुढे जोडलेल्या ट्रॅक्टरची मागची चाकं उचलतो. ब्रेक मागच्याच चाकांवर असतात, त्यामुळे जोडलेला ट्रॅक्टर ब्रेक लावून उभा असला तरी सरकायला लागतो.

उपाय साधा आहे. चढवण्याआधी ट्रॉलीच्या मागच्या कडेखाली, दोन्ही चॅसिसच्या खाली, लाकडी ठोकळ्यांची चळत लावा. ठोकळे आडवे-उभे रचा आणि तळाशी रुंद फळी द्या. वरची फट १ सेंमीपेक्षा जास्त नको. एकटा जॅक पुरत नाही, तो काळ्या मातीत तिरका होतो. हायड्रॉलिक टिपिंग ट्रॉली असेल तर पाटा चॅसिसला साखळीने बांधा, नाहीतर पाटाच मागे उलटायला बघतो. ट्रेलर कायम ओढणाऱ्या वाहनाला जोडलेलाच ठेवा, त्या वाहनाच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. दोराला वाट मिळावी म्हणून ट्रेलर सोडून नुसत्या स्टँडवर उभा करतात, तिथूनच बरेच अपघात सुरू होतात.

साध्या ट्रॉलीत कोणता ट्रॅक्टर न्यावा? केळीच्या आणि पपईच्या बागेत चालणारा ८०० किलोच्या आसपासचा मिनी ट्रॅक्टर नेता येतो. मोठा ट्रॅक्टर नेऊ नये. ट्रॉलीची ताकद पुरते, पण लांबी-रुंदी पुरत नाही. मागची चाकं फाळक्यांना घासतात किंवा एक जोडी कडेवर राहते. मोठ्या ट्रॅक्टरसाठी लोबेड (बुटक्या पाट्याचा) ट्रेलर किंवा पुरेशा लांबीचा ट्रकच घ्या.

फळी वाकते, सटकते किंवा ट्रेलर पुढे पळतो

मागचं एक चाक सुमारे ६५० किलो वजन घेऊन फळीवर येतं. ३ इंच जाड, १ फूट रुंद बाभळीची किंवा सागाची फळी ४ मीटरच्या अंतरावर अधांतरी हे पेलत नाही. तीच फळी मध्ये टेकू देऊन २-२ मीटरची केली की चालते. टेकू म्हणजे पुन्हा ठोकळ्यांची चळत. विटा किंवा दगड चालणार नाहीत, विटा फुटतात आणि दगड फिरतात. फळीत गाठ किंवा चीर असेल तर ती वापरू नका.

कायमची सोय करायची असेल तर वेल्डिंगवाल्याकडून दोन रॅम्प बनवून घ्या. एका रॅम्पसाठी १०० मिमीचे दोन सी-चॅनल, ४ मीटर लांब, उभे ठेवून, बाहेरची रुंदी ४० सेंमी. वर दर २५ सेंमीवर २५ मिमी अँगलच्या आडव्या पट्ट्या. वरच्या टोकाला १० सेंमीचा ओठ, जो पाट्यावर बसेल, आणि त्यात पिनेसाठी भोक. एक रॅम्प ९० किलोच्या पुढे जातो, म्हणून उचलायला चार जण लागतात. खालच्या टोकाखाली ६० बाय ६० सेंमीची जाड फळी ठेवा आणि रॅम्पची कड ५ सेंमीपेक्षा उंच राहू देऊ नका. मागची चाकं पायथ्याशी अडतात त्याचं निम्मं कारण हीच कड असते. तिथे लाकडाची पाचर टाकली की चाक अलगद चढतं.

वरचा ओठ पिनेने किंवा साखळीने पाट्याला बांधलेलाच हवा. कारण असं, की ट्रॅक्टरचं सगळं वजन चढावर असताना ते फळीला खाली दाबतं आणि पुढेही ढकलतं. ४ मीटरच्या फळीवर हा पुढचा धक्का पावणेपाचशे किलोच्या आसपास जातो. ओढणारं साधन ट्रेलरवरच बसवलेलं असेल तर दोराची उलटी ओढ हा धक्का बराचसा मारून टाकते. ओढणारा ट्रॅक्टर बाहेर, पुढे उभा असेल तर धक्का मारायला काहीच नसतं. ट्रेलर पुढे सरकतो आणि फळी खाली पडते. ओढ ट्रेलरवरूनच घ्यावी, त्याचं मुख्य कारण हे.

चढाच्या मध्यावर मागे घसरतो

ओढायला ३ टनी लिव्हर ब्लॉक (दांडा पुढे-मागे करून साखळी ओढणारं साधन) किंवा हाताने चालणारा वायर रोप पुलर घ्या आणि तो ट्रेलरच्या पुढच्या क्रॉस चॅनलला बांधा. फाळक्याच्या कड्या किंवा दोर बांधायचे हूक यासाठी नाहीत. इमारतीच्या कामाची चेन कप्पी सरळ वर उचलायला बनवलेली असते. आडवी वापरली की तिची हातसाखळी खोबणीतून निसटते किंवा अडकते. लिव्हर ब्लॉकची साखळी बहुतेक दीड ते तीन मीटरच असते, म्हणून मध्ये एकदा-दोनदा पकड बदलावी लागते. ट्रॅक्टर घसरण्याचा खरा क्षण तो.

त्यासाठी मागचा ओंडका. २ मीटर लांब, २० बाय २० सेंमीचा चौरस बाभळीचा ओंडका घ्या. त्याच्या पुढच्या बाजूची खालची कड तासून तिरकी करा, मागची खालची कड काटकोनात तशीच ठेवा. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांच्या मागे तो आडवा टाका आणि दोन साखळ्यांनी मागच्या ॲक्सलच्या डाव्या-उजव्या हाउसिंगला बांधा. साखळ्या एवढ्याच लांब ठेवा, की टायर आणि ओंडका यांत चार बोटांचं अंतर राहील. ट्रॅक्टर वर जातो तसा ओंडका मागून ओढला जातो. तिरक्या कडेमुळे तो पट्ट्यांवरून सरकतो. ट्रॅक्टर मागे आला की चाक ओंडक्यावर टेकतं, ओंडक्याची मागची कड पट्टीत अडकते आणि सगळं थांबतं. माणसाला मागे दगड घेऊन चालावं लागत नाही. चाक मागे येत असताना त्याखाली दगड सरकवायला कोणालाही पाठवू नका, हात आणि पाय तिथेच जातात.

पकड बदलताना नुसत्या ओंडक्यावर विसंबून राहू नका. ट्रॅक्टर थोडा मागे सोडून ओंडक्यावर बसवा, ब्रेक चांगले असतील तर दोन्ही पेडल जोडून पार्किंगचा खटका लावा, आणि पुढून दुसरी साखळी ट्रेलरला ताठ बांधा. मगच लिव्हर ब्लॉक सैल करा.

दोर कुठे बांधायचा? पुढच्या ॲक्सलच्या आधाराला, मधल्या पिनेच्या दोन्ही बाजूंनी, इंग्रजी व्हीसारखा. बंपर नुसता बोल्टवर असतो, तो उपटून येतो. टाय रॉड आणि स्टेअरिंगचा सिलिंडर वाकतात. मागून चढवायचा असेल तर ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढायच्या दांड्याला, बांधा. दोन चाकी ट्रॉलीवर मागून चढवणं बरं, कारण जड भाग पाट्याच्या पुढच्या अंगाला येतो आणि वाटेत ट्रॉलीचं शेपूट जड राहत नाही. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या दांड्याच्या, जागी काहीही बांधू नका.

१२ मिमीची चांगली वायर रोप सात-आठ टनांना तुटते, पण तिच्यावर दीड टनापेक्षा जास्त ओढ देऊ नये. टोकाला तीन क्लिपा, साडेसात सेंमीच्या अंतराने, आणि तिन्हींचा यू-बोल्ट रोपच्या आखूड टोकाकडे. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा साठतो आणि तुटल्यावर चाबकासारखा येतो. वायर रोपच्या मध्यावर ओलं बारदान टाकून ठेवा, तुटली तरी तिची उडी मोडते. दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या आत फक्त लिव्हर चालवणारा असावा, तोही दोराच्या रेषेत नव्हे, बाजूला.

नाइलाजाने दुसऱ्या ट्रॅक्टरनेच ओढावं लागलं, तर दोर त्याच्या ड्रॉबारलाच बांधा. ॲक्सलच्या वर बांधला आणि ओढला जाणारा अडला, तर ओढणाराच स्वतःच्या मागच्या चाकांवर उलटतो. हे एक-दीड सेकंदात होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. लो-पहिला गिअर, झटका नाही, आणि चालकाने एकाच माणसाच्या हातवाऱ्याकडे बघायचं. सगळे ओरडत असतील तर काम थांबवा.

जेसीबी हाताशी असेल तर तिला मागे आधार म्हणून ठेवता येतं, बकेटची पाठ ड्रॉबारला टेकवून हळूहळू मागोमाग. पीटीओच्या शाफ्टला किंवा लिफ्टच्या हातांना बकेट लावली तर दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

ट्रॅक्टर आडवा जातो

पॉवर स्टेअरिंग इंजिनाविना फिरतं, पण फार जड लागतं. पाइप फुटला असेल तर पुढची चाकं वाटेल तिकडे वळतात. दोर ताणलेला असताना सीटवर कोणी बसू नये, विशेषतः ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी चौकट नसेल तर. सुरुवातीलाच ट्रॅक्टर फळ्यांच्या अगदी सरळ रेषेत आणा, चाकं सरळ करा आणि स्टेअरिंग सीटच्या लोखंडाला दोन्ही बाजूंनी दोरीने बांधा. पाइप फुटलेला असेल तर टाय रॉडला पट्टी बांधून ॲक्सलशी जखडा. पहिला हातभर चढल्यावर थांबा आणि चारही चाकं फळीच्या मध्यावर आहेत का पाहा. नसतील तर खाली उतरवून पुन्हा लावा. चढावर स्टेअरिंग फिरवून दुरुस्ती करू नका.

पाट्यावर बांधणं

आधी वर बघा. पाट्याची उंची, वर ट्रॅक्टर आणि त्यावर छत धरलं तर साडेतीन मीटर सहज ओलांडतात. वावरातल्या वीजतारा मे महिन्यात उन्हाने आणखी लोंबतात. छत आणि उभा सायलेन्सर काढता येत असेल तर काढा. सायलेन्सर तसाच राहणार असेल तर तोंडाला पिशवी बांधा.

चार वेगळ्या साखळ्या किंवा ५० मिमीचे रॅचेट पट्टे लावा. एकच लांब दोर फिरवून बांधला तर एका जागी सैल झाला की सगळा सैल होतो. मागचे दोन ॲक्सल हाउसिंगला, पुढचे दोन पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना, कारण तो मधल्या पिनेवर डुलतो. दोन साखळ्या पुढे ओढणाऱ्या, दोन मागे ओढणाऱ्या, पाट्याशी साधारण ४५ अंशांत. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि ते पाट्याला खिळ्यांनी ठोका. गिअर सुटला होता तसा पुन्हा लागत असेल तर लावा. लिफ्टचे हात खाली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, डिझेलचा कॉक बंद, बॉनेटवर एक पट्टा.

पहिल्या ५ किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ताणा. टायर दबून बसतात आणि पट्टे हमखास सैल होतात. पुढे दर ५० किलोमीटरला पाहा, आणि लळिंग किंवा कन्नड घाटाच्या आधी अंतर कितीही झालेलं असो, थांबून हात लावून पाहा.

उतरवताना क्रम उलटा. आधी मागच्या कडेखाली ठोकळ्यांची चळत, मग फळ्या, मग लिव्हर ब्लॉक ताठ, ओंडका जागेवर, आणि सर्वांत शेवटी बांधलेल्या साखळ्या सोडायच्या. गॅरेजच्या दारात घाईत आधी साखळ्याच सोडल्या जातात, आणि गिअरमध्ये नसलेला ट्रॅक्टर त्याच क्षणी फळीकडे चालू लागतो.